तेरा आणि दहा : एका रात्रीचा घटनाक्रम

ही हकीकत वसुबारसेच्या आदल्या दिवसाची. तेरा-चौदा वर्षं झाली असतील. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका दूध संघाच्या संगणक विभागात मी तेव्हा कामाला होतो. संघाचं नाव सांगत नाही, कारण चूक संघाची नव्हती, माझी होती.

दिवाळीचा दूध फरक म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. वर्षभर दर दहा दिवसांनी दुधाचं बिल होतं. ते पेंड, कडबा, डॉक्टर आणि किराणा यांतच जातं. वर्षाच्या शेवटी लिटरमागे जो जादा दर ठरतो त्याची एकरकमी रक्कम दिवाळीला मिळते, तो फरक. पोरांचे कपडे त्यातून येतात, सोसायटीचा हप्ता त्यातून फिटतो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि त्या दिवशी सचिवाने डेअरीच्या फळ्यावर ‘फरक जमा’ असं लिहिलेलं असावं लागतं. आमच्याकडे हा शब्द पाळायचा असतो.

तो पाळायचा तर बँकेला एक साधी मजकुराची फाईल द्यायची होती. ओळीला एक उत्पादक : संस्था क्रमांक, उत्पादक क्रमांक, नाव, रक्कम, खाते क्रमांक. वसुबारसेच्या दुपारी तीनच्या आत ती फाईल बँकेत पोचली तर त्याच तारखेला रक्कम खात्यावर पडणार होती. ती तयार करायची स्क्रिप्ट मुख्य कार्यालयातल्या लिनक्स सर्व्हरवर रात्री दीड वाजता आपोआप चालायची.

सायंकाळी ५:४०. उरले ७ तास ५० मिनिटे

जुन्या फायली ठेवायची डिस्क भरत आली होती. दुसरी डिस्क दुपारीच बसवली होती. आता फक्त एक काम उरलं होतं : स्क्रिप्टला नव्या जागेचा पत्ता सांगायचा.

हे पत्ते एका वेगळ्या छोट्या फाईलमध्ये होते. आठ ओळी. आवक फायली कुठे येतात, तात्पुरतं काम कुठे करायचं, बँकेची फाईल कुठे ठेवायची, जुन्या फायली कुठे जपायच्या. रोज रात्री स्क्रिप्ट सुरू झाली की आधी ही फाईल वाचायची. मला त्यातली एक ओळ बदलायची होती.

सर्व्हरसमोर जाऊन बसलो असतो तर दोन मिनिटांत झालं असतं. पण सर्व्हरची खोली खालच्या मजल्यावर होती आणि माझ्या टेबलावरचा विंडोजचा संगणक चालू होता. फाईल त्यावर उतरवून घेतली आणि नोटपॅडमध्ये उघडली. आठही ओळी एकापुढे एक चिकटून एकाच लांब ओळीत आल्या. मधे कुठे ओळ तुटतच नव्हती.

हे मी आधीही पाहिलं होतं आणि त्यावरचा उपायही पाठ होता : वर्डपॅड. वर्डपॅडमध्ये तीच फाईल उघडली, आठ ओळी आठ जागी दिसल्या. नव्या डिस्कचा पत्ता टाकला, सेव्ह केलं, बंद केलं.

बदलली मी एक ओळ. वर्डपॅडने आठही बदलल्या.

सायंकाळी ६:००. उरले ७ तास ३० मिनिटे

नेमकं काय बदललं, ते इथे थांबून सांगतो.

मी तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासला जायचो. मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा तिथूनच दिली. रेमिंग्टनच्या मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डाव्या हाताने तो चकचकीत दांडा उजवीकडे ढकलायचा. त्या एका हिसक्यात दोन कामं व्हायची : रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकायचा आणि अख्खी गाडी पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायची. हाताला ते एकच काम वाटतं. मशीनच्या दृष्टीने ती दोन आहेत. दांडा हलकाच दाबला तर कागद वर सरकतो आणि गाडी जागीच राहते. कागद न सरकवता नुसती गाडी मागे आणली तर लिहिलेल्या ओळीवरच पुन्हा टाईप होतं. आमच्या क्लासमधल्या प्रत्येक नवशिक्याने हे दोन्ही करून पाहिलेलं असायचं.

तारेवरून टाईप करणारी टेलिप्रिंटरची मशीनं आली तेव्हा त्यांना हाताचा हिसका नव्हता. म्हणून दोन कामांना दोन वेगळे संकेत दिले गेले. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतांमध्ये ‘गाडी मागे आण’ याला क्रमांक मिळाला १३ आणि ‘कागद वर सरकव’ याला १०. त्याच सुमाराला आलेलं टेलिटाईपचं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. गाडी उजव्या टोकापासून परत यायला एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी १३ पाठवायचा, मग १०. कागद सरकेपर्यंत गाडी जागेवर पोचलेली असायची.

पुढे छापणारी मशीनं गेली, संकेत राहिले. बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवणाऱ्यांनी मल्टिक्स या आधीच्या प्रणालीची रीत उचलली : फाईलमध्ये ओळीच्या शेवटी फक्त १० ठेवायचा, मशीनला दोन संकेत लागत असतील तर ते पाठवायचं काम मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमने करावं. लिनक्सने तेच घेतलं. सीपीएम नावाच्या प्रणालीने मात्र १३ आणि १० ही जोडी फाईलमध्येच ठेवली. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने ती रीत तिच्याकडून घेतली आणि विंडोजने डॉसकडून. ॲपलच्या मॅकिंटॉशने तर तिसराच मार्ग धरला, नुसता १३. २००१ साली मॅक ओएस टेन आल्यावर तेही नुसत्या १० वर आले.

यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिन्ही घरांनी आपापल्या घरात नीट संसार केला. गोंधळ होतो तो फाईल एका घरातून दुसऱ्या घरात जाताना, उंबऱ्यावर.

माझ्या आठ ओळी लिनक्सच्या घरच्या होत्या. ओळीच्या शेवटी नुसता १०. नोटपॅड १३-१० ची जोडी शोधत होतं, ती न मिळाल्यामुळे त्याला ओळ तुटलेली दिसलीच नाही. नुसता १० ओळखायला नोटपॅड २०१८ साली शिकलं. वर्डपॅडला दोन्ही रीती वाचता यायच्या, पण सेव्ह करताना ते आपल्या घरच्या रीतीने सेव्ह करायचं. प्रत्येक ओळीच्या शेवटी १० च्या आधी एक १३ बसला. पडद्यावर काहीच फरक नाही.

सायंकाळी ६:१५. उरले ७ तास १५ मिनिटे

फाईल सर्व्हरवर परत पाठवायची होती. एफटीपीने. ही चूक जागच्या जागी सुधारावी अशी सोय एफटीपीत आहे. १९८५ च्या एफटीपीच्या नियमावलीत पाठवण्याचे मुख्य दोन प्रकार दिले आहेत. मजकुराच्या प्रकारात पाठवलं तर दोन्ही बाजू ओळींचे शेवट आपापल्या रीतीत बदलून घेतात. बायनरी प्रकारात पाठवलं तर एकही बाईट न बदलता फाईल जशीच्या तशी पोचते.

मी बायनरी निवडलं. विचार न करता नाही, विचार करून निवडलं. सहा महिन्यांपूर्वी एक झिप फाईल चुकून मजकूर म्हणून पाठवली गेली होती. वाटेत तिच्यातल्या १० च्या ठिकाणी १३-१० झाले आणि ती उघडेना. एक दिवस वाया गेला. तेव्हापासून भिंतीवर माझ्याच अक्षरातला कागद लावला होता : ‘पाठवताना नेहमी बायनरी.’

झिप आणि चित्रांच्या बाबतीत तो नियम बरोबरच आहे. पीएनजी चित्रांची रचना ठरवणाऱ्यांनी या दुखण्याचा किती विचार केला होता ते बघा. प्रत्येक पीएनजी फाईलचे पहिले आठ बाईट ठरलेले असतात : १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिल्यानंतरचे तीन अंक म्हणजे पी, एन, जी. त्यानंतर मुद्दाम एक १३-१० ची जोडी आणि शेवटी एक सुटा १० ठेवलाय. वाटेत कुणी ओळींचे शेवट बदलले तर या दोहोंपैकी एक तरी मोडतो आणि चित्र उघडायच्या आधीच प्रोग्रॅमला कळतं की माल फुटलाय. आमच्या झिप फाईलला असा पहारेकरी नव्हता म्हणून मी भिंतीवर नियम लावला. पण ज्या एका फाईलला वाटेत बदलायची गरज होती, तीही त्याच नियमाने गेली.

सायंकाळी ६:२५. उरले ७ तास ५ मिनिटे

तपासलं. तपासलं नाही असं नाही. सर्व्हरवर लॉगिन करून ‘कॅट’ हुकूम दिला, आठ ओळी सरळ रेषेत पडद्यावर आल्या. नवा पत्ता बरोबर, बाकीचे सात जसेच्या तसे.

त्या रात्री हातात असलेली ही सगळ्यात मोठी संधी होती, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. नुसतं ‘कॅट’ फाईलमधली अक्षरं पडद्याला देतं. पडदा जुन्या टेलिप्रिंटरचाच वंशज. त्याला १३ मिळाला की तो कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो, लगेच १० मिळाला की खालच्या ओळीवर. आज्ञा दोन पाळल्या जातात, डोळ्यांना एकच दिसते. त्याच हुकमाला ‘-ए’ जोडलं असतं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी काकपद, एम आणि डॉलरचं चिन्ह दिसलं असतं. ‘व्हिम’मध्ये उघडली असती तर खाली चौकटी कंसात ‘डॉस’ असं आलं असतं. ‘फाईल’ हुकमाने तर सरळ वाक्यात सांगितलं असतं की ओळींचे शेवट दुसऱ्या रीतीचे आहेत. यातला प्रत्येक हुकूम मला येत होता.

रात्री ८:१०. उरले ५ तास २० मिनिटे

सायंकाळच्या संकलनानंतर गावोगावच्या संस्थांच्या फायली यायला लागल्या. दोनशेच्या वर संस्था. कुणी डोंगल लावून पाठवायचं, कुणी टेम्पोच्या ड्रायव्हरकडे पेन ड्राइव्ह द्यायचं. दुधाचे कॅन उतरले की ड्रायव्हर वरती यायचा आणि शर्टाच्या खिशातून पाच-सहा पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवायचा. कुणाला दोरा बांधलेला, कुणावर संस्थेचं नाव पांढऱ्या रंगाने.

या सगळ्या फायली विंडोजवर तयार झालेल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी १३-१०. ते मला पक्कं माहीत होतं, कारण पहिल्या वर्षी त्यानेच छळलं होतं. ओळीतला शेवटचा रकाना खाते क्रमांकाचा. लिनक्सने १० ला ओळ संपली म्हटलं की मागे राहिलेला १३ खाते क्रमांकाला चिकटायचा. कागदावर छापला तर आकडा तंतोतंत बरोबर, बँकेचा प्रोग्रॅम म्हणायचा असं खातंच नाही. दोन दिवस आम्ही पासबुकाच्या झेरॉक्स मागवून आकडे पडताळत होतो. शेवटी कारण सापडलं तेव्हा स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली : आत आलेल्या प्रत्येक फाईलमधला १३ काढून टाक.

म्हणजे गावाहून येणाऱ्या प्रत्येकाची दारात झडती होत होती. मी स्वतः आणलेल्या फाईलची झडती घ्यावी हे माझ्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांनी मला सलतं ते हेच. मला अज्ञान नव्हतं. मी फक्त दुसऱ्यांच्याच फायली संशयित धरल्या.

रात्री ९:४५. उरले ३ तास ४५ मिनिटे

डोंगरापलीकडच्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. वय साठीच्या पुढे, संगणक नातवाकडून शिकलेले.

“साहेब, आमची फाईल पोचली का तेवढं बघा की. लाईट गेलती, मधेच तुटली का काय कळंना.”

मी यादी बघितली. फाईल होती, ओळी मोजल्या, त्यांनी सांगितलेल्या आकड्याइतक्या भरल्या.

“पोचली अण्णा. निवांत झोपा. उद्या फळ्यावर लिहायला खडू तेवढा तयार ठेवा.”

“खडू कवाच ठेवलाय,” ते म्हणाले.

रात्री ११:३०. उरले २ तास

सगळ्या संस्थांच्या फायली आल्या. ‘आवक’ फोल्डर पूर्ण. मी घरी गेलो. काम झालं की स्क्रिप्ट माझ्या मोबाईलवर एक मेसेज पाठवायची, तो सकाळी बघायचा असं ठरवून झोपलो.

रात्री १:३०

यानंतरचं सगळं एका मिनिटाच्या आत झालं. ते मला नंतर सर्व्हरच्या टपालपेटीतून, एकेक ओळ लावत, कळलं.

स्क्रिप्टने आठ ओळींची फाईल वाचली. आठही पत्ते मनात घेतले आणि आठही पत्त्यांच्या शेवटी १३ हा अंक अक्षर म्हणून चिकटला. लिनक्समध्ये फोल्डरच्या नावात जवळजवळ कुठलंही अक्षर चालतं, हेही चालतं. आता स्क्रिप्टला ‘आवक’ नको होता, ‘आवक आणि पुढे एक १३’ हवा होता.

पहिलं काम : जुन्या फायलींसाठी नव्या डिस्कवर फोल्डर नसेल तर बनव. नव्हताच. बनवला. नावाच्या शेवटी १३ असलेला. चूक म्हणून काहीच नोंदलं गेलं नाही.

दुसरं : ‘आवक’मधल्या सगळ्या फायलींची प्रत त्यात टाक. ‘आवक-१३’ नावाचा फोल्डरच नाही. प्रत झाली नाही. स्क्रिप्ट पुढे गेली.

तिसरं : सगळ्या फायली जोडून बँकेची फाईल कर. ‘बँक-१३’ही नाही. झाली नाही. स्क्रिप्ट पुढे गेली.

चौथं, आवराआवर : ‘तात्पुरती’ या फोल्डरमध्ये जा आणि तिथलं सगळं पुसून टाक. हे दोन हुकूम मी दोन वेगळ्या ओळींवर लिहिले होते. पहिला ‘सीडी’, म्हणजे तिकडे जा. दुसरा ‘आरएम’, उपफोल्डरांसकट, काही न विचारता, सगळं. ‘तात्पुरती-१३’ अस्तित्वात नव्हता, तेव्हा पहिला हुकूम फसला. तो फसला तर थांब, असं मी कुठेही लिहिलेलं नव्हतं.

रात्री आपोआप चालणारी कामं खातेदाराच्या मूळ फोल्डरमध्ये उभी राहून सुरू होतात. स्क्रिप्ट तिथेच उभी होती. त्या मूळ फोल्डरमध्ये होते ‘आवक’, ‘बँक’, ‘तात्पुरती’, मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम, आठ ओळींची फाईल आणि स्क्रिप्ट स्वतः.

दुसरा हुकूम फसला नाही.

पहाटे ४:३५

मेसेज आला नाही म्हणून जाग आली की जाग आल्यावर लक्षात आलं, आठवत नाही. कार्यालयात पोचलो. वॉचमनने दार उघडलं. लॉगिन केलं, यादी मागितली. काही नाही. नुसता पुढच्या ओळीवर लुकलुकणारा कर्सर.

नव्या डिस्कवर गेलो. तिथे एक फोल्डर होता. त्याच्या नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. यादी दाखवताना जे अक्षर छापता येत नाही त्याच्या जागी तेव्हाचं ‘एलएस’ प्रश्नचिन्ह टाकायचं. आत गेलो, रिकामा.

सर्व्हर रात्रीच्या कामातल्या चुका खातेदाराच्या टपालपेटीत टाकतो, आणि ती पेटी दुसऱ्या जागी असल्यामुळे वाचली होती. त्यातल्या ओळीही विचित्र दिसत होत्या. ‘असा फोल्डर नाही’ हे शब्द ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी एका पत्त्याचं तुटकं शेपूट चिकटलेलं. कुठल्या फोल्डरबद्दल बोलतोय तेच कळेना. मग हात आपोआप त्या हुकमाकडे गेला : ‘कॅट -ए’. ओळ उलगडली. ‘तात्पुरती’ या शब्दानंतर, अपूर्णविरामाच्या आधी, काकपद आणि एम. १३ ने कर्सर मागे नेला होता आणि पुढचे शब्द आधीच्या शब्दांवर छापले गेले होते. रेमिंग्टनवर कागद न सरकवता गाडी मागे आणली की व्हायचं तेच.

खुर्चीत बसलो. रडू आलं हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

सकाळी ५:३०

एक गोष्ट आमच्या बाजूने होती. दुधाच्या धंद्यातली माणसं पहाटे जागी असतात. गावच्या डेअरीवर सकाळचं संकलन चालू झालेलं असतं आणि ज्या संगणकावर फॅट मोजली जाते त्यातच मूळ फाईल असते. मी, वॉचमन आणि बोलावून घेतलेले तिघे सहकारी, पाच जणांनी संस्थांची यादी वाटून घेतली आणि फोन लावायला सुरुवात केली. “अण्णा, रात्रीची फाईल परत पाठवा.” कारण कुणी विचारलं, कुणी नाही. मापाच्या रांगेत माणसं उभी असताना सचिव एका हाताने फाईल पाठवत होते. पलीकडून कॅनचे आवाज ऐकू यायचे.

डोंगरापलीकडच्या अण्णांना मीच फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पाठवतो. लाईट हाय आत्ता.”

सकाळी ११:००

बहुतेक फायली आल्या. स्क्रिप्ट मात्र गेलीच होती. मी इतकी वर्षं डेटाच्या प्रती काढत होतो, स्क्रिप्टची प्रत कधी काढली नव्हती. घाईत नवी लिहिली. जुनीत ओळी वाचायला ‘ऑक’ वापरलं होतं, नवीत साधं ‘व्हाईल रीड’. आधीच्या चुकीने डोळे उघडले होते, म्हणून १३ चा बंदोबस्त सगळीकडे केला. दुपारी एक वाजता बँकेची फाईल तयार झाली.

दुपारी १:२०

बेरीज जुळेना. लेखा विभागाच्या आकड्यापेक्षा आमचा आकडा कमी. फार नाही, पण फरकाच्या पैशात एक रुपयाही इकडचा तिकडे चालत नाही. संस्थावार ताळा केला. जिथे कमी होतं तिथे प्रत्येक संस्थेत नेमका एक उत्पादक गळला होता, आणि तो दर वेळी यादीतला शेवटचा होता.

यालाही कारण ओळीचा शेवटच. काही गावांतला प्रोग्रॅम शेवटच्या ओळीनंतर ओळ संपल्याची खूण टाकायचाच नाही. मजकूर संपला, फाईल संपली. ‘व्हाईल रीड’ अशी खूण नसलेली ओळ वाचतं, पण ‘इथे मजकूर संपला’ असं समजून बाहेर पडतं आणि त्या ओळीवरचं काम करतच नाही. ‘ऑक’ ते करतं. जुन्या स्क्रिप्टला हा प्रश्न कधी पडला नव्हता, म्हणून मलाही माहीत नव्हता. उत्पादक क्रमांक सभासद झाल्याच्या क्रमाने मिळतो. म्हणजे गळले होते ते प्रत्येक गावातले सगळ्यात नवे सभासद. बहुतेकांचा तो पहिलाच फरक.

त्यांना सोडून फाईल पाठवावी आणि उरलेल्यांची नंतर पाठवावी, असं एकाने सुचवलं. अध्यक्षसाहेब तिथे उभे होते. ते म्हणाले, “पाठवायची तर सगळ्यांची.” त्यांचं बरोबर होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुपारी ४:१०

शेवटच्या संस्थेची दुरुस्ती होऊन, बेरीज पैशापर्यंत जुळून फाईल बँकेत पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बँकेची वेळ तीनची होती. फरक दुसऱ्या दिवशी जमा झाला. त्या वर्षी वसुबारसेला दोनशेच्या वर गावांत डेअरीचा फळा कोरा राहिला.

नंतर आम्ही जे बदललं ते थोडक्यात. प्रत्येक स्क्रिप्ट, प्रत्येक पत्त्यांची फाईल बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ठेवली आणि ओळींचे शेवट कोणत्या रीतीचे असावेत हे तिथल्याच एका फाईलमध्ये लिहून टाकलं, म्हणजे ते कुणाच्या टेबलावरच्या संगणकावर अवलंबून राहू नये. आत येणाऱ्या सगळ्याच फायलींची झडती सुरू केली, माझ्याही. भिंतीवरचा कागद काढला.

हे दुखणं जुन्या मशीनांबरोबर संपलं असं कुणी समजू नये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ‘एसएमटीपी स्मगलिंग’ नावाची त्रुटी जाहीर झाली. पत्र कुठे संपतं ते दोन मेल सर्व्हर वेगवेगळ्या खुणांवरून ठरवतात, एक १३-१० ची पूर्ण जोडी मागतो, दुसऱ्याला नुसता १० पुरतो, एवढ्या फटीतून एका पत्राच्या पोटात दुसरं खोट्या नावाचं पत्र घुसवता येत होतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या मेलच्या प्रोग्रॅमांना त्यासाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

तुमच्या बँकेत, कारखान्यात, शाळेत, सोसायटीत रात्री आपोआप चालणारी एखादी स्क्रिप्ट असेल. ती आजच उघडा आणि ‘सीडी’च्या खालच्या ओळीवर ‘आरएम’ आहे का ते बघा. असेल तर मधे दोन अँपरसँड टाकून दोन्ही हुकूम एकाच ओळीत आणा. पहिला फसला तर दुसरा चालणार नाही.

त्या दिवशी आमच्या स्क्रिप्टमध्ये ती दोन चिन्हं नव्हती.